एकेचाळीस फ्रेम

अशी कल्पना करा, की तुमचा उजवा डोळा एका रबरी वाटीत दाबून बसवलेला आहे आणि तो तिथून हलवायचा नाही. डावा मिटलेला. वाटीच्या तळाशी बोटभर रुंदीची काच आहे, काचेत एक टेबल आणि टेबलावर पांढरी कपबशी. गालाशी मोटर घरघरते आहे आणि दर सेकंदाला चोवीस चित्रं फिल्मवर उमटत आहेत. मागे एक मोठा दिवा तुमची मान भाजतो आहे. घाम भुवईपर्यंत आला आहे, तो पुसायचा नाही. पंधरा माणसं श्वास धरून उभी आहेत, पण तुम्हाला दिसतं ते त्यांच्यापैकी कुणालाही दिसत नाही. कपाच्या कडेवर ऊन नीट बसलं की नाही, हे या घडीला फक्त तुम्ही सांगू शकता.

डोळा का हलवायचा नाही, याचं कारण अगदी साधं आहे. ज्या वाटेने चित्र तुमच्या डोळ्यापर्यंत येतं, त्याच वाटेने बाहेरचा उजेड उलटा आत शिरू शकतो. तुमचा डोळा हेच त्या वाटेचं बूच. डोळा उचलला की मागच्या दिव्याचा उजेड कॅमेऱ्यात घुसतो आणि फिल्मवर धुक्यासारखा पसरतो. त्याला आम्ही फॉग म्हणतो. चांगल्या कॅमेऱ्यात ही वाट बंद करणारी एक झडप असते. अंधेरीत भाड्याने फिरणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांपैकी निम्म्यांची झडप कधीच मोडून गेलेली होती.

रेमंड क्रास्टो यांनी हे काम एकवीस वर्षं केलं. त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘डायरेक्टर ऑफ फोटोग्राफी’ असं छापलेलं होतं. मरोळच्या गावठाणात मात्र ते शेवटपर्यंत फोटोवाला रेमूच राहिले. त्यांच्या वडिलांची भातशेती होती. ती औद्योगिक वसाहतीत गेली, तिथे गाळे उभे राहिले आणि पुढे त्यातल्याच दोन गाळ्यांमधली भिंत पाडून चंद्रप्रकाश नावाच्या एका हुशार तरुणाने जाहिरातपटांचा क्रिएटिव्ह स्टुडिओ काढला. टीव्ही रंगीत झाल्यापासून जाहिरातींचं पीक आलं होतं. रेमंड तिथे पहिल्या दिवसापासून कॅमेरामन होते. नवीन माणूस आला की ते मेकअप रूमकडे बोट दाखवून सांगत, “इथे आमच्या भाताची उडवी असायची. आता हिरॉइन बसते.”

चर्चमधल्या लग्नांचे फोटो काढता काढता ते या धंद्यात आले. कुठल्या संस्थेत शिकले नव्हते. उजेड मोजायचं मीटर त्यांच्या गळ्यात असे, पण आधी ते स्वतःचा तळहात दिव्याखाली धरून बघत, आकडा मनात ठरवत आणि मग मीटर लावत. मीटर आणि तळहात यांचं एकमत झालं नाही तर मीटरवर दोन टिचक्या मारत.

त्यांचा खरा जोडीदार वर असायचा. फ्लोअरच्या छताखाली दोरखंडांनी टांगलेल्या फळ्या असतात, त्यांना तराफा म्हणतात. तराफ्यावर दिवे बांधलेले आणि दिव्यांमागे लाइटमन. तिथला मुख्य लाइटमन गुणाजी परब, राहणार भांडुप, मूळ मालवणकडचा. आधी दुसऱ्या स्टुडिओंत आणि मग इथे, अठरा वर्षं दोघे बरोबर होते. रेमंडनी खालून दोन बोटं वाकवली की गुणाजी दिवा दोन बोटंच वाकवायचा.

त्या स्टुडिओत एक पद्धत पडली होती. चंद्रप्रकाशला सगळे सीपी म्हणत. शॉट चालू असताना त्याला अधूनमधून ‘कट’ म्हणायची आणि लगेच ‘नाही नाही, चालू द्या’ म्हणायची सवय होती. वर पंख्यांच्या आवाजात लाइटमनना अर्धंच ऐकू यायचं. एकदा दोन दिवे मध्येच विझले आणि मोठी बोलाबोली झाली. तेव्हापासून वरच्या माणसांनी सीपीच्या तोंडाकडे लक्ष देणंच सोडलं. ते रेमंडच्या डोक्याकडे बघत. डोकं कॅमेऱ्यावरून उठलं की शॉट संपला. नव्या लाइटमनला गुणाजी पहिल्या दिवशी हेच शिकवायचा, “डायरेक्टर काय बोलता ता आयकू नको. सायबाचा डोक्या बघ.”

रेमंडना हे माहीत होतं. त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता.

१९८६ च्या मार्चमध्ये त्यांना रस्त्यावरच्या दिव्यांभोवती कडी दिसू लागली. बायकोने, कॉन्सेप्टाने, त्यांना ओढून अंधेरीच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. पिकायला वर्ष तरी लागेल, मग काढू, नंतर जाड भिंगाचा चष्मा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. रेमंडनी एकच गोष्ट विचारली, नंतर कॅमेऱ्याला डोळा लावता येईल का. डॉक्टर हसून म्हणाले, आता तुम्ही खुर्चीत बसा, डोळा दुसऱ्या कुणाला लावू द्या.

हे दोघांशिवाय कुणाला कळलं नाही. रेमंड डाव्या डोळ्याची सवय करू लागले. कॅमेऱ्याची घडण उजव्या डोळ्यासाठी. डावा डोळा लावला की नाक कॅमेऱ्याच्या दाराला चेपतं आणि श्वासाने काचेवर वाफ धरते. म्हणून छोट्या शॉटला ते डावा डोळा वापरत आणि मोठ्याला उजवा. कॉन्सेप्टा म्हणाली, सीपीला सांगून टाक. ते म्हणाले, दिवाळीच्या जाहिराती उरकू दे. ती म्हणाली, तू सांगणार नसशील तर मी जाऊन सांगते. ती गेली नाही. ते तिला अजून सलतं, असं तिनेच मला सांगितलं.

सप्टेंबरमध्ये चहाच्या एका जाहिरातीचं काम आलं. शॉट बारावा. पहाटेचं ऊन खिडकीतून येतं, टेबलावरून हळूहळू सरकतं, कपावर येऊन थांबतं. तिथे ते दहा आकडे मोजेपर्यंत राहायचं, कारण त्या जागी पुढे चहाचं नाव यायचं होतं. हे ऊन म्हणजे गुणाजीचा दिवा. तो यंत्राने फिरवला की धक्के दिसत, म्हणून हाताने फिरवायचा होता आणि इतका हळू हात फक्त गुणाजीचाच चालायचा. त्यासाठी त्याला फळी सोडून बाहेरच्या आडव्या पाइपवर बसावं लागलं. एक पाय उभ्या पाइपला वेढा घालून, दोन्ही हात दिव्यावर. कमरेला दोरी बांधत नसत. दोरीने हात अडतो असं सगळेच म्हणायचे, गुणाजीही.

सहा टेक झाले. एकदा ऊन लवकर पोहोचलं, एकदा कपावरून पुढे गेलं, एकदा सीपीला बशी आवडली नाही. सातव्या टेकला ऊन जसं हवं तसं सरकलं आणि कपाच्या कडेवर येऊन बसलं. रेमंड मनात आकडे मोजू लागले. चारपर्यंत आले आणि उजव्या डोळ्यात कपाची एक कड होती तिच्या दोन झाल्या. पापणी मिटून उघडली, तरी दोनच. त्यांनी डोकं उचललं, बाहीने डोळा पुसला आणि डावा डोळा लावायला मान वळवली. झडप मोडलेली आहे, हे त्या क्षणी त्यांच्या मनात आलं. दुसरं काही आलं नाही. डोळा वाटीला लागला, तेवढ्यात काचेतला कप अंधारात गेला आणि मागे डावीकडे काहीतरी पडलं.

गुणाजी सोळा फुटांवरून पडला होता. ट्रॉलीच्या रुळावर, पाठीवर. शुद्धीत होता. पाय कुठे आहेत, असं विचारत होता. दिवा वर तसाच होता, त्याचं तोंड छताकडे गेलं होतं. सगळे धावले. बऱ्याच वेळाने कुणीतरी म्हणालं की कॅमेरा चालूच आहे, तेव्हा रेमंडनी जाऊन मोटर बंद केली.

गुणाजी जगला. कमरेखालचं काही हललं नाही.

तिसऱ्या दिवशी विमा कंपनीचा माणूस स्टुडिओत आला. त्याने सगळ्यांचे जबाब घेतले. रेमंडना त्याने एवढंच विचारलं, की तुम्ही पडताना पाहिलं का. नाही, असं उत्तर पुरलं असतं. पण रेमंड म्हणाले, “शॉट चालू होता. माझा डोळा कॅमेऱ्याला होता.” त्याने ते लिहून घेतलं आणि त्यांनी खाली सही केली. महिन्याभराने कागद आला. कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात घडला, असं त्यात होतं. चूक गुणाजीची ठरली.

माझा संबंध इथे येतो. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून मी साकीनाक्याच्या फिल्म लॅबमध्ये लागलो होतो. धुऊन आलेली निगेटिव्ह तपासायची, ओरखडा, धूळ, फॉग काय असेल ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं, हे माझं काम. त्या चहाच्या रोलवरही मी चिठ्ठी टाकली होती. ‘शॉट १२, टेक ७, मध्येच फॉग, आयपीस उघडा?’ आयपीस म्हणजे ती डोळ्याची रबरी वाटी. स्टुडिओत अपघात झाल्याचं ऐकलं होतं, पण तो याच टेकला झाला हे मला माहीत नव्हतं. अशा चिठ्ठ्या सहसा कुणी वाचत नाही. रद्द झालेल्या टेकच्या तर नाहीच.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत रेमंड ती चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलाशी आले. आम्ही एकमेकांना नावाने ओळखत होतो, त्यापलीकडे नाही.

“सहदेव, हे तू लिहिलंस?”

मी हो म्हटलं. झडप मोडकी असेल, असंही म्हटलं.

“झडप मोडकीच आहे. डोळा कुणाचा होता, ते विचार ना.”

मी विचारलं नाही. त्यांनी स्टूल ओढलं आणि वर लिहिलेलं सगळं, मार्चपासून, मला सांगितलं. मग म्हणाले, तो टेक काढ.

निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. ऊन काळं, सावली पारदर्शक. काचेच्या टेबलावर खालून उजेड सोडून मी पट्टी पसरली. कपाच्या कडेवर उन्हाचा काळा ठिपका स्थिर बसलेला. मग एका फ्रेमपासून डाव्या कडेने काजळीसारखी फॉग सुरू होते. ठिपका मात्र जागच्या जागी. पुढे बऱ्याच अंतराने तो ठिपका एकदम वर उडतो आणि चित्राबाहेर जातो. म्हणजे गुणाजीचा हात तिथे सुटला. आधी डोकं उठलं, मग दिवा हलला. मधल्या फ्रेम किती, हे त्यांना हवं होतं. भिंग त्यांनी डोळ्याला लावून पाहिलं आणि माझ्या हातात परत दिलं.

मी अंगठ्याने एकेक फ्रेम सरकवत मोठ्याने मोजल्या. एकेचाळीस. त्यांनी परत मोजायला सांगितलं. एकेचाळीस. मग उलट्या बाजूने. तेवढ्याच.

चोवीसने भागलं की एक पूर्णांक सात दशांश सेकंद होतात. मी ते कागदावर करून दाखवलं. दिवा हलण्याआधीच डोकं उठलं होतं, एवढं सिद्ध होत होतं. गुणाजीने ते पाहिलं का आणि शॉट संपला असं समजून पाय सोडवला का, हे पट्टी सांगत नव्हती. मी तसं म्हणालो. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

ते म्हणाले, “घड्याळ आहे ना तुझ्याकडे, सेकंदाचं? चल.”

लॅबच्या मागे पाण्याच्या टाकीला लोखंडी शिडी होती. बावन्न वर्षांचा तो माणूस चपला काढून सात-आठ पायऱ्या चढला, शेजारच्या उभ्या पाइपला पायाचा वेढा घातला आणि दोन्ही हात पुढे धरले, जणू हातात दिवा आहे. मला म्हणाले, तू खाली मान घाल, मनाला येईल तेव्हा वर कर आणि घड्याळ दाब. मी मान वर केली. त्यांनी पाय सोडवला, तोल जाऊ लागला तसा शिडीचा गज पकडला. दीड सेकंद. परत. एक पूर्णांक नऊ. परत. वॉचमन धावत आला आणि म्हाताऱ्याला वर कुणी चढवलं म्हणून मलाच शिव्या घालू लागला. रेमंड वरूनच त्याला म्हणाले, “बाबा, पाच मिनिटं थांब. रिहर्सल चाललीय.” वॉचमनला ते सिनेमावाले वाटले, तो उभा राहून बघू लागला. चौथ्या वेळी काटा एक पूर्णांक सातवर थांबला. मी आकडा सांगितला. ते खाली उतरले, चपला घातल्या आणि हातांचा गंज पँटला पुसत राहिले.

पुढच्या रविवारी सकाळची प्रार्थना आटोपून ते माझ्याकडे स्कूटर घेऊन आले. मला चालवायला सांगितली. डोळ्यामुळे पवईच्या वळणांचा त्यांना भरवसा वाटत नव्हता. पट्टीतला तो तुकडा कापून त्यांनी पाकिटात घेतला होता.

गुणाजीची खोली भांडुपच्या चढावर होती. खाट दारासमोर लावलेली. त्याने रेमंडना पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला ते माळ्यावरच्या बल्बबद्दल, की हिने तो चुकीच्या जागी लावलाय, अख्ख्या घराची सावली भांड्यांवर पडते. त्याची बायको वनमाला चुलीपासून म्हणाली, “दिवसभर हेंचा ह्याच चालू. बल्ब हयसर, आरसो थयसर. माझ्या घराचो स्टुडिओ केल्यानी.” आम्ही हसलो. रेमंडही हसले. थोडा वेळ गप्पा झाल्या. कोण कुठल्या स्टुडिओत गेलं, कुणाला काम आहे, कुणाला नाही. मग रेमंडनी पाकीट काढलं, पण उघडलं नाही.

“गुणाजी, टेक सातला माझं डोकं उठलं होतं.”

गुणाजी छताकडे बघत होता.

“खयचो टेक?”

“सातवा. तुझा हात सुटायच्या आधी. मी डोळा पुसायला उठवलं. मला मोतीबिंदू आहे. मार्चपासून आहे.”

गुणाजी एकदम घाईने म्हणाला, “माझो पाय घसारलो, सायब. मी तुमच्याकडे बघूकच नाय.” आणि लगेच वनमालाला हाक मारून, चहाला किती वेळ, म्हणून तिच्यावर ओरडला. चहा समोरच ठेवलेला होता.

निघताना वनमाला पायऱ्यांपर्यंत आली. डोळ्याचं ऐकून वाईट वाटलं म्हणाली. मग म्हणाली, विम्याचा कागद आला तेव्हा शेजाऱ्याने तो वाचून दाखवला. चूक तुमची लिहिलीय, सही करू नका, असं ती गुणाजीला म्हणाली होती. पण यांनी पेन मागून घेतलं. “आता परत परत इचारू नका, भावोजी. इचारल्यार जेवणत नाय.” नाही विचारणार, असा शब्द रेमंडनी तिला दिला.

वाटेत पवईला रेमंडनी स्कूटर थांबवायला लावली. तो बघतच नव्हता, असं ते दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज सैल झाला होता. मी पण म्हटलं, बरं झालं विचारलंत.

घरी कॉन्सेप्टाने ते सगळं ऐकून घेतलं. तिला आनंद झाला नाही. तो बघत नसेल तर नसेल, ती म्हणाली, पण तू सही करून लिहिलंस की डोळा कॅमेऱ्याला होता. ते तर खोटंच आहे ना. त्या वाक्यामुळे चूक त्याच्या एकट्याच्या नावावर गेली. रेमंड चिडले. तिसऱ्या दिवशी कोरा शर्ट घालून, जबाब बदलायचा म्हणून सीपीकडे गेले.

सीपी वाईट माणूस नव्हता. हॉस्पिटलचा खर्च त्याने केला होता आणि गुणाजीच्या जागी आलेल्याला तराफ्यावर आता कमरेला पट्टा बांधायला लावत होता. पण हे प्रकरण उकरायचं त्याच्या जिवावर आलं. “रेमंडअंकल, फाइल बंद झालीय. आता लिहिलंत तर तुमची वाट लागेल. कोण काम देईल?” रेमंड म्हणाले, फाइल दाखव. आपलं वाक्य नेमकं कसं लिहिलं गेलंय, तेवढंच त्यांना बघायचं होतं.

फाइलमध्ये त्यांच्या जबाबाच्या आधी गुणाजीचा जबाब लावलेला होता. हॉस्पिटलमध्ये, अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी घेतलेला. म्हणजे रेमंडच्या एक दिवस आधी. कारकुनाच्या अक्षरात चार वाक्यं होती आणि खाली गुणाजीची वाकडी सही. ‘ऊन कपावर आणून मी थांबलो. शॉट चालू होता. रेमंडसाहेबांचा डोळा कॅमेऱ्यालाच होता. माझा पाय घसरला.’

रेमंडनी सीपीला विचारलं, याला माझ्याबद्दल काही विचारलं होतं का. सीपी म्हणाला, नाही, मी तिथेच होतो. आपणहून बोलला. कारकून लिहायचं सोडणार होता, तर म्हणाला, ते लिवा.

त्याच खुर्चीत बसून रेमंडनी नवा जबाब लिहिला. डोळ्याचं, डोक्याचं, झडपेचं, लाइटमन कशावरून शॉट संपल्याचं ओळखत त्याचं, सगळं. पट्टीचा तुकडा जोडला. सीपीने तो कागद खणात ठेवला. तो खणातच राहील हे ओळखून रेमंडनी त्याची एक प्रत रजिस्टर्ड पोस्टाने विमा कंपनीला धाडली. पोच आली. उत्तर अजून आलेलं नाही. स्टुडिओतून मात्र हळूहळू बोलावणं यायचं बंद झालं. कुणी रागावलं नव्हतं. ज्या कॅमेरामनने स्वतःच्या डोळ्याबद्दल लिहून दिलंय, त्याला कोण बोलावणार?

पुढच्या वर्षी त्यांचा मोतीबिंदू काढला. आता गावठाणात, विहिरीसमोरच्या पुढच्या खोलीत ते पासपोर्ट फोटो काढतात. जाड भिंगाच्या चष्म्यातून त्यांचे डोळे मोठे आणि थोडे पाणावलेले दिसतात. गिऱ्हाइकाला बसवलं की आधी स्वतःचा तळहात त्याच्या चेहऱ्यापाशी धरून बघतात. कॅमेऱ्याला डोळा लावायची गरजच नसते. तिपाईवर सगळं ठरलेलं असतं, नुसता खटका दाबायचा.

महिन्यातून दोन रविवार ते भांडुपला जातात, कधीकधी मी स्कूटरवर नेतो. बल्बची जागा दोघांनी मिळून बदलली आहे. गुणाजी खाटेवरून हाताने दाखवायचा, वनमाला स्टुलावर चढायची आणि रेमंड खाली उभे राहून तळहात धरायचे. टेक सात सोडून बाकी सगळ्यावर ते दोघे बोलतात. वनमालाला दिलेला शब्द रेमंडनी मोडलेला नाही.

मागच्या रविवारी परतताना पवईच्या त्याच जागी त्यांनी स्कूटर थांबवायला सांगितली. मला वाटलं, चष्मा पुसायचा असेल. ते मागच्या सीटवरच बसून राहिले.

“पाय घसरला म्हणतो, ठीक. माझ्याकडे बघितलंच नाही म्हणतो, तेही ठीक,” ते म्हणाले. “मग सहदेव, माझा डोळा कॅमेऱ्याला होता, हे न बघता त्याला कसं कळलं?”